खलातला शेंदूर

खल म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण सगळी भानगड त्या खलानं केली. म्हणजे केली मीच, पण तिथवर यायला जरा दम धरा. चिनी मातीची जाड पांढरी वाटी आणि तिच्यासोबत तसलाच बत्ता. वैद्याकडं असतो तोच. पूड बारीक करायची, दोन पुडी एकजीव करायच्या, की रसायनशाळेत तो लागतो. बाहेरून चकचकीत, पण आतून मुद्दाम खरखरीत ठेवलेला, नाहीतर पूड निसटते. त्या खरखरीत अंगात काय अडकतं आणि किती दिवस अडकून राहतं, हे मला छत्तीस वर्षांच्या नोकरीत एकदाच कळलं, आणि तेवढं पुरलं.

मी सोलापूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये होतो. हुद्दा प्रयोगशाळा सहाय्यक, शिक्षण मॅट्रिक, तेही दुसऱ्या खेपेला. बी.एस्सी.च्या पोरांना परीक्षेत पुडीतून कसलातरी क्षार देतात आणि तो ओळखायला सांगतात. पोरं तीन तास घाम गाळायची. मी लांबून बघून सांगू शकायचो, कारण त्या पुड्या मीच बांधलेल्या असायच्या. परीक्षेच्या दिवशी माझ्याभोवती जी गर्दी जमायची, तशी प्राचार्यांभोवती कधी जमली नाही. "दत्तूमामा, नुसती मान हलवा की!" म्हणून हात जोडणारी पोरं आज मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत. मान मी कधी हलवली नाही, एवढं छातीवर हात ठेवून सांगतो.

हा रुबाब रोजच्या कामातला. ज्या पाच दिवसांबद्दल लिहायला बसलोय, त्या दिवसांत रुबाब कुठल्या कुठं गेला होता. नुसती भीती होती. जेवताना भीती, सायकलवर बसताना भीती, कुणी नुसतं "दत्तू" म्हणून हाक मारली तरी दचकायचो.

सत्तरचं दशक निम्म्यावर आलं होतं. आमच्या गुमास्ते सरांच्या हाताखाली शांता बिराजदार नावाच्या बाई पीएच.डी. करत होत्या. दुधनीच्या. वडलांची तिथं तुरीची आडत. घरात कन्नड, शाळेत मराठी आणि थीसिस इंग्रजीत, असा तिहेरी कारभार. अंगानं किरकोळ, पण चिकाटी अशी की भट्टी तापेपर्यंत दोन-दोन तास स्टुलावर ताठ बसून राहायच्या. सर त्यांना मिस बिराजदार म्हणायचे, मी नुसतं बाई.

त्यांचं काम मोटारीच्या धुराचं. धुरात कार्बन मोनॉक्साईड नावाचा एक वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस त्यानं कधी मेला ते त्यालाही कळत नाही. हा वायू तापवलेल्या काही विशिष्ट गोळ्यांवरून नेला, की वाटेतच त्याचा निरुपद्रवी वायू होतो. गोळ्या मात्र जशाच्या तशा राहतात. लग्न जुळवणारा मध्यस्थ जसा दोन घरं जोडून देतो आणि स्वतः मोकळा राहतो, तसं त्यांचं काम. परदेशात त्या गोळ्यांना प्लॅटिनम लावतात म्हणे. बाईंचं म्हणणं होतं की आपल्याला ते झेपणार नाही, आपण मँगनीजवर भागवू. आता गोळ्यांचा वैरी म्हणजे शिसं. तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं घातलेलं असायचं. धुरातून ते येऊन गोळीवर बसलं की गोळी निकामी. लॅबमध्ये आम्ही 'गोळी मेली' म्हणायचो, आणि किती तासांनी मेली ते बाई वहीत लिहायच्या.

कामाचे दोन भाग होते. एका भागात जुन्या मोटारीचं इंजिन मागच्या शेडमध्ये बसवून त्याचा खरा धूर गोळ्यांवर सोडायचा. दुसऱ्या भागात इंजिन नाही, पेट्रोल नाही, शिशाचा संबंधच नाही. आम्हीच लॅबमध्ये तयार केलेला शुद्ध वायू सोडायचा. गंधकाम्लात फॉर्मिक आम्ल थेंबथेंब सोडलं की हा वायू निघतो, आणि तो काढायचं काम माझ्याकडं होतं.

एकदा मी नळावर बाटल्या धूत होतो आणि जोडावरची रबरी नळी निसटली. ते कुणालाच कळलं नाही. मागं वळून बघतो तर बाई टेबलावर डोकं टेकून बसलेल्या. "बाई, झोप लागली व्हय?" म्हटलं. उत्तर नाही. मी बखोटीला धरून त्यांना ओढत व्हरांड्यात आणलं. उलटी झाली, ओठ लाल झालेले, डोळे भलतीकडंच. अर्ध्या तासानं बोलल्या, ते काय, तर "आमच्या अप्पांना सांगू नका." त्या दिवसापासून त्या मला अण्णा म्हणायला लागल्या. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान असतील. मला बहीण नव्हती.

अप्पांना न सांगण्याचं कारण होतं. अप्पांनी मुलीला शिकू दिलं होतं, पण मुदत घालून. यंदाच्या दसऱ्यापर्यंत पदवी झाली तर नोकरी कर, मी आड येणार नाही. नाही झाली तर कार्तिकात लग्न. गुलबर्ग्याकडचं स्थळ होकार देऊन बसलं होतं आणि त्यांना शिकणारी, नोकरी करणारी सून नको होती. बाईंनी हे मला एकदाच सांगितलं, भट्टीचा काटा बघत, जणू कुणा दुसरीची गोष्ट. पाच वर्षांचं काम एका तारखेला टांगलं होतं.

आता सात नंबरचं सांगतो. शुद्ध वायूच्या भागात बाईंनी पुडी खलात एकजीव करून गोळ्यांचे सात नमुने केले होते, प्रत्येकात मँगनीज थोडं थोडं वाढवत नेलं होतं. इथं शिसं नाही म्हणजे एकही गोळी मरायला नको. पहिले सहा शेवटपर्यंत जगले. सातवा, ज्यात मँगनीज सगळ्यात जास्त, तो दोन दिवसांत मेला. त्याच घाण्यातल्या, म्हणजे त्याच खेपेला खललेल्या, गोळ्या पुन्हा घालून बघितल्या, तिसऱ्यांदा बघितल्या. दर वेळी मेल्या. त्यावर बाईंनी अख्खं पाचवं प्रकरण लिहिलं, की मँगनीज एका हद्दीपलीकडं गेलं की गोळी आपोआप मरते. सर खूष होते. म्हणाले, हे अजून कुणी सांगितलेलं नाही. थीसिस टाईप झाला, बांधून झाला, विद्यापीठाकडं गेला. परीक्षक मद्रासचे होते. त्यांनी कळवलं की मला प्रयोगाची मांडणी डोळ्यांनी बघायची आहे, म्हणून व्हायव्हा आमच्याच लॅबमध्ये ठरली, कोजागिरीच्या आदल्या दिवशी.

त्याच्या पाच दिवस आधी खंडेनवमी होती.

आमचे वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. मूळचे आम्ही जेऊरचे, पण माझं लहानपण गिरणीच्या भोंग्यावर गेलं. खंडेनवमीला गिरणीत यंत्रं धुवायची, झेंडूच्या माळा घालायच्या, आणि तेलात कालवलेल्या शेंदराचं बोट प्रत्येक यंत्राला ओढायचं. वडील म्हणायचे, यंत्राला शेंदूर लागला नाही तर ते वर्षभर हात मागतं. लॅबमध्ये लागल्यावर मी ती रीत तिथं चालू केली. भट्टीला, तराजूला, पंपाला शेंदूर लावायचा, नारळ फोडायचा. सर देवाधर्मातले नव्हते, पण खोबरं खायचे.

त्या सकाळी मी तेलाची वाटी घरी विसरलो. म्हटलं, हरकत नाही, गेल्या साली पण विसरलो होतो, तेव्हा खलात कालवला होता की. फळीवरचा खल काढला, खिडकीशी नेला, तेलाचे चार थेंब टाकले आणि बोटानं तळाला फिरवले. बोट तांबूस झालं.

शेंदराची पुडी माझ्या खिशात होती. मी ती अजून सोडलीच नव्हती.

गेल्या सालचा शेंदूर होता तो. मी तेव्हा साबणानं, राखेनं घासून खल लख्ख केला होता. पण आतल्या खरखरीत अंगाला केसासारख्या बारीक भेगा पडल्या होत्या आणि त्यात तो वर्षभर बसून राहिला होता. आणि शेंदूर म्हणजे काय? शेंदूर म्हणजे शिसं! हे मला माहीत नव्हतं असं नाही. 'रेड लेड' असं लिहिलेली बाटली माझ्याच कपाटात दुसऱ्या फळीवर होती, तिच्या पुड्या बांधून मी पोरांना परीक्षेत देत होतो. पण ती बाटली कॉलेजची आणि शेंदूर देवाचा. या दोन्ही एकच, हे डोक्यात होतं, हातात कधी उतरलं नव्हतं.

मी धावत जाऊन बाईंची वही काढली. पहिले सहा नमुने गेल्या सालच्या दसऱ्याआधी खललेले. सातवा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. त्यानंतर त्या खलात कुणी काही खललं नव्हतं. सात नंबर मँगनीजनं मेला नव्हता. माझ्या बोटानं मेला होता.

मी स्टुलावर बसलो. काय करायला पाहिजे होतं ते मला त्या घटकेला कळत होतं. उठायचं, सरांकडं जायचं आणि सांगायचं. पण सांगितलं की पाचवं प्रकरण गेलं, व्हायव्हा गेली, दसऱ्याची मुदत तर उद्याच संपत होती, अप्पांनी कशीबशी व्हायव्हापर्यंत ओढून दिली होती. बाई कार्तिकात गुलबर्ग्याला. आणि माझी नोकरी? दोन पोरं शाळेत होती. मी खल नॅपकिनमध्ये गुंडाळला आणि डब्याच्या पिशवीत घातला. कोठीतून कोरा खल आणून फळीवर ठेवला. छत्तीस वर्षांत कॉलेजची टाचणी घरी नेली नाही, ती त्या दिवशी चोरी केली.

घरी पिशवी मोरीजवळ ठेवली आणि अंग टाकलं. डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरात खडखड. बघतो तर बायकोनं खल धुऊन पुढ्यात घेतलाय आणि शेंगदाण्याच्या चटणीला लसूण टाकतीये. मी असा ओरडलो की शेजारचे बाहेर आले. "हात लावू नगंस! टाक ते!" बायको भेदरून बघायलाच लागली. म्हणाली, "एवढं काय झालं ओवं? चांगला हाय की खल." काय झालं ते सांगता येईना. दुसऱ्या दिवशी खल परत लॅबमध्ये नेऊन माझ्या खणात सगळ्यात खाली, जुन्या झाडणीच्या मागं ठेवला. घरात विष ठेवण्यापेक्षा खणात बरं, असं म्हणून मनाची समजूत घातली.

बाई त्या दिवसांत रोज यायच्या आणि रिकाम्या स्टुलांसमोर उभं राहून थीसिस तोंडानं म्हणून बघायच्या. एकदा मला म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही एक्स्टर्नल व्हा की. काही पण विचारा. मला बोलायची सवय होईल."

मी म्हटलं, मला काय कळतंय त्यातलं? तर ऐकेनात. मला खुर्चीत बसवलं. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "सात नंबर का मेला?"

बाईंनी उत्तर सुरू केलं. मँगनीजचे कण एकमेकांना चिकटतात, भोकं बुजतात, वगैरे. छान चाललं होतं. बोलता बोलता त्यांची नजर फळीवरच्या खलावर गेली आणि तिथंच राहिली. मग त्या माठातलं पाणी प्यायल्या. मी विचारलं, "नक्की का बाई?" त्या म्हणाल्या, "नक्की." मला वाटलं, पाठ केलेलं विसरल्या असतील.

सांगू, आत्ता सांगू, असं करत पाच दिवस गेले. सरांच्या दारापर्यंत तीनदा गेलो. एकदा तर त्यांनी मान वर करून "काय रे?" असं विचारलं देखील. मी म्हटलं, "खडू संपलेत सर."

व्हायव्हाच्या दिवशी सकाळच्या गाडीनं अप्पा दुधनीहून आले. पांढरं धोतर, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, हातात छत्री. व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि मुलीला म्हणाले, "नी होगु, नान इल्ले इरतीनि." तू जा, मी हितंच आहे. मी पाणी नेऊन दिलं तर त्यांनी मला हात जोडले. "तुम्हीच का ते अण्णा? पोरगी लई सांगते तुमचं." मला तिथून पळून जावंसं वाटलं.

परीक्षक बारीक अंगाचे, वयस्क, कपाळावर गंध. आवाज इतका हळू की सगळ्यांना पुढं वाकून ऐकावं लागायचं. चहा नको म्हणाले, ताक मागितलं. मी ताक आणून दिलं आणि भट्टीपाशी उभा राहिलो, कारण मांडणी दाखवायला मी लागणार होतो. प्रश्नोत्तरं इंग्रजीत, पण इतक्या वर्षांत लॅबचं इंग्रजी मला समजत होतं. पहिली चार प्रकरणं तासाभरात झाली. बाई एकदाही अडखळल्या नाहीत. सरांच्या चेहऱ्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसू बघितलं.

मग परीक्षकांनी पाचवं प्रकरण उघडलं आणि चष्मा पुसला.

सात नंबर तीनदा तपासला, पण घाणा एकच होता ना? हो. खलला कुणी? मी. कशात? याच लॅबच्या खलात. तो बघू.

बाई उठल्या, फळीवरचा खल घेऊन आल्या. कोरा, पांढराशुभ्र. टेबलावर ठेवताना तो जरा जोरात आपटला. परीक्षकांनी आत बोट फिरवलं, खल खिडकीच्या उजेडात धरला, आत बघितलं. मान हलवली. मला वाटलं, सुटलो. देवा, सुटलो! आता पान उलटतील.

त्यांनी पान उलटलं नाही. खल खाली ठेवून बाईंकडं बघितलं आणि तितक्याच हळू आवाजात विचारलं, "हाच तो खल?"

खोलीत फक्त भट्टीचा आवाज. बाईंनी ओठ उघडले. आणि मला एकदम कळलं की आता या बाईला खोटं बोलावं लागणार, माझ्यामुळं. किंवा त्यांना खल बदललेला माहीतच नाही आणि त्या अजाणता खोटं बोलणार. दोन्हीत पाप माझंच.

भीती वाटली की माझ्या तोंडात जेऊरची भाषा येते. मी म्हणालो, "न्हाई सर. ह्यो त्यो खल न्हाई."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. सर म्हणाले, "दत्तू, तुला कुणी विचारलं?" मी म्हटलं, "कुणी न्हाई इचारलं. पर त्यो माझ्या खणात हाय. त्यात शेंदूर हाय. म्या कालवला व्हता, गेल्या खंडेनवमीला."

सर एका जागी थिजले. मी बोललो त्याचं इंग्रजी त्यांनाच करून सांगायचं होतं. त्यांनी एकदा बाईंकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि मला वाटलं, हे आता काहीतरी दुसरंच सांगतील. पण त्यांनी शब्द न् शब्द सांगितला. शेंदूर म्हणजे काय तेही सांगितलं. परीक्षक मला म्हणाले, घेऊन ये.

मी खणातून खल आणला. परीक्षकांनी आत बघितलं आणि विचारलं, शिसं आहे हे दाखवू शकतोस का? आता हे काम माझं रोजचं. तीनशे पोरांना दर साली दाखवायचो. पण त्या दिवशी ड्रॉपर दोन्ही हातांनी धरावा लागला. खलात पातळ नायट्रिक आम्ल टाकून कोमट केलं. भेगांतली तांबूस रेघ तपकिरी झाली. पाणी गाळून टेस्ट ट्यूबमध्ये घेतलं, जास्तीचं आम्ल उडवलं, वरून पोटॅशियम आयोडाईडचे दोन थेंब सोडले.

ट्यूब पिवळी झाली. हळदीसारखी. ती उकळवली की पिवळं विरघळून पाणी नितळ होतं, आणि नळाखाली गार केली की त्यात सोन्याच्या बारीक टिकल्या तरंगायला लागतात. पोरं हे बघून हरखून जातात, परत परत करायला लावतात. मी ट्यूब गार केली. टिकल्या आल्या. चमचम करत वरखाली फिरायला लागल्या. माझ्या उभ्या आयुष्यात त्याच्यापेक्षा भेसूर काही बघितलं नाही.

परीक्षकांनी ट्यूब हातात घेतली, बराच वेळ बघितली. मग बाईंना विचारलं, आता तुमचं पाचवं प्रकरण काय म्हणतं?

बाई पांढऱ्या पडल्या होत्या, पण उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाचवं प्रकरण चुकीचं आहे, सर. बाकीची चार बरोबर आहेत. त्यांच्यावर अजून विचारायचं असेल तर विचारा."

आणि त्यांनी विचारलं! अजून तासभर. बाईंनी उत्तरं दिली, कशी दिली देव जाणे. शेवटी परीक्षकांनी लिहून दिलं की सातवा नमुना नव्या खलात नव्यानं करावा, पाचवं प्रकरण पुन्हा लिहावं, मग पदवी द्यावी. म्हणजे त्या दिवशी पदवी नाही.

व्हरांड्यात अप्पा उठून उभे राहिले. "आतेनु?" झालं का? बाई काही सांगायच्या आतच मी पुढं झालो. बाईंनी माझी बाही ओढली, तरी झालो. सगळं सांगितलं. शेंदूर, खल, चोरी, पाच दिवस, सगळं. म्हटलं, मालक, पोरीची काही चूक नाही. मला काय म्हणायचं ते म्हणा.

अप्पांनी छत्रीची मूठ दोन-तीनदा फिरवली. मग म्हणाले, "माझ्या आडतीत मापाडी चुकला तर मी काय शेतकऱ्याला दोष देतो व्हय?" थोडं थांबून विचारलं, "किती दिवस लागतील?"

मी बोटं मोजली. नमुना करायचा, चालवायचा, लिहायचं, टाईप, बाइंडिंग. "संक्रांत, मालक."

"संक्रांत," ते म्हणाले. "गुलबर्ग्याच्या पाहुण्यांना मी बघतो. त्याच्या पुढं मात्र मी पण ऐकणार न्हाई."

दुसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. समोर बसवलं, जे कधी करत नसत. म्हणाले, "दत्तू, शेंदूर कालवलास ती चूक होती. ती मी विसरलो. खल लपवलास, त्याचा मेमो देतोय." मेमो दिला. तो फाईलला लागला आणि माझी एक बढती त्यात गेली. मला त्याचा राग कधीच आला नाही. उलट नेमकं ज्याला लागायला पाहिजे त्यालाच लागलं, म्हणून जरा हलकं वाटलं.

नवा सात नंबर बाईंनी स्वतः खलला. मी खलाजवळसुद्धा गेलो नाही, लांबूनच भट्टी सांभाळली. पहिले दोन दिवस आम्ही दोघंही बाहेर पडणारा वायू मोजणाऱ्या काट्याकडंच बघत होतो. तिसऱ्या दिवशी काटा जिथल्या तिथं. चौथ्या दिवशीही. गोळी शेवटपर्यंत जगली. नव्या पाचव्या प्रकरणात बाईंनी उघड लिहिलं की खलातल्या भेगेत राहिलेलं एवढंसं शिसंही गोळी मारायला पुरतं, आणि ही गोष्ट आम्हाला चुकीतून कळली. संक्रांतीच्या आत थीसिस गेला. बाई पुढं कर्नाटकात एका कॉलेजात लागल्या, तिथंच विभागप्रमुख झाल्या. लग्नही केलं, पण आपल्या तारखेला.

शेंदूर मी त्या सालापासून बंद केला. खंडेनवमीला भट्टीला नुसता झेंडू.

गोष्ट इथं संपली, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. बायको कधी विषय काढायची, तेव्हा मी म्हणायचो, माझ्यामुळं पोरीची पदवी जात होती आणि मीच ती वाचवली. तशी थोडी फुशारकीच.

मागं बाई रिटायर झाल्यावर एकदा घरी आल्या. केस पांढरे, चष्मा जाड, पण बसायची तऱ्हा तीच ताठ. चहा झाला, अप्पांच्या आठवणी झाल्या, सर गेल्याचं बोललो. उठता उठता त्या पुन्हा बसल्या.

"अण्णा, एक सांगायचं राहिलंय. सात नंबर खलताना मला तळाला तांबूस दिसलं होतं. नळाच्या पाण्यातला गंज असेल म्हणून मी फडक्यानं पुसलं आणि वहीत लिहिलं नाही. नमुना मेल्यावर आठवलं. पण तोवर रिझल्ट इतका चांगला आला होता..."

मी रिकामी कपबशी बाजूला सरकवली.

"आणि व्हायव्हाला फळीवरचा खल टेबलावर आणला, तेव्हा तो आपला नव्हे हे मला ठाऊक होतं. चार दिवस आधी, तुमच्यापुढं उत्तर देताना फळीकडं नजर गेली, तेव्हाच कळलं होतं. तुम्हाला माहीत आहे, हे पण कळलं होतं. मी रोज वाट बघायची, की तुम्ही सरांना सांगाल. तुम्ही नाही सांगितलं की मला बरं वाटायचं."

"त्यांनी विचारलं तेव्हा, बाई..."

"तेव्हा मी 'हो' म्हणणार होते," त्या म्हणाल्या. "तोंड उघडलं होतं मी. तुम्ही मधे बोलला नसता तर 'हो' म्हणाले असते आणि जन्मभर तेच शिकवत बसले असते."

बायको आतून विचारायला लागली, अजून एकेक कप ठेवू का. मी हो म्हटलं. इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की त्या पाच दिवसांत त्या लॅबमध्ये घाबरलेला मी एकटाच होतो.